मक्याच्या शेतांतील रिकाम्या जागा

पावसाळा लागला कीं पनवेलच्या रस्त्याकडेला कोळशाच्या शेगड्या पेटतात आणि भाजलेल्या मक्याच्या कणसाचा खरपूस वास दूरवर पसरतो. शाळा सुटल्यावर तें कणीस विकत घेऊन, त्यावर लिंबू-मीठ चोळून, खात खात घरीं जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं फार थोड्यांनीं मक्याचा कोंब जमिनींतून वर येतांना पाहिला असेल. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गास या विषयाचा एक लहानसा अभ्यास अनायासें घडला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी म्हणून हा लेख आम्हीं लिहावयास घेतला आहे. अभ्यास लहान खरा, परंतु त्यांत एका कुटुंबाचा सबंध हंगाम गुंतलेला होता. आणि एका निरपराध मनुष्यावर येऊं घातलेला आळहि गुंतलेला होता.

ज्या भूमीवर आज नवी मुंबई उभी आहे ती मूळची भाताची व मिठागरांची भूमि. १९७० सालीं सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन नव्या शहराकरितां घेण्याचें ठरलें. त्या जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठीं झालेल्या लढ्यांत जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पांच शेतकऱ्यांनीं आपले प्राण गमावले. हा इतिहास आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरचाच आहे. म्हणून ज्यांच्याकडे अजून पांच-दहा गुंठे जमीन उरली आहे, त्यांच्या दृष्टीनें ती किती मोलाची असेल हें वेगळें सांगावयास नको.

आमच्या वर्गांतील एका मुलीच्या आजोबांकडे शहराच्या पूर्वेस, डोंगराच्या पायथ्याशीं, आठ गुंठ्यांचा असा एक तुकडा आहे. वरची बाजू वरकस, म्हणजे पूर्वीं नाचणी-वरी होत असे ती. खालची बाजू भाताचें जुनें खाचर. भातांत आतां उरत कांहीं नाहीं, त्यापेक्षां मका लावून कणसें रस्त्यावर विकावीं, असें आजोबांनीं ठरविलें. त्या पैशांतून नातीची फी, वह्या-पुस्तकें व घरांतील एक-दोन देणीं भागवावयाचीं होतीं. जून महिन्यांत पहिला चांगला पाऊस पडून वाफसा येतांच एका रविवारीं आमच्या वर्गांतील दहा-बारा मुलेंमुली टोकणीस मदत करावयास गेलीं. काठीनें भोंक पाडावें, त्यांत दाणे सोडावे, पायानें माती लोटावी, असें काम. दोन ओळींत ६० सेंटिमीटर व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावयाचें होतें. परंतु दोरी कोणीं लावली नाहीं, अंतर नजरेनेंच धरलें. गाणीं झालीं, शर्यत झाली, तिसऱ्या प्रहरीं काम संपलें.

पुढच्या आठवड्यांतील सोमवारीं ती मुलगी शाळेंत आली तीच उतरलेल्या चेहऱ्यानें. शेत कोठें हिरवें, कोठें भुंडें, कोठें एकाच ठिकाणीं चार-चार रोपें, असें झालें होतें. आजोबांचें म्हणणें, बीं खोटें निघालें, दुकानदारानें फसविलें, उद्यां जाऊन त्याला चार लोकांत जाब विचारतों. आम्हीं तिच्याबरोबर निरोप पाठविला कीं, जाब अवश्य विचारावा, परंतु चार दिवस थांबून. त्याच वेळीं पिशवींत उरलेलें बीं आम्हीं मागवून घेतलें.

बियाण्याची परीक्षा घरांतहि करतां येते. तिला खर्च नाहीं. न निवडतां, हातीं येतील तसे १०० दाणे मोजून घ्यावे. जुनें सुती फडकें अगर गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळावा, त्यावर दहा-दहाच्या ओळींनीं दाणे मांडावे, सैल गुंडाळी करावी व ती सावलींत ओलसर ठेवावी. पाण्यांत बुडवून मात्र ठेवूं नये. आपल्याकडील उबदार हवेंत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं मोड दिसूं लागतात. सातव्या दिवसापर्यंत वाट पाहिली म्हणजे हिशेब पुरा होतो. मोड व मूळ दोन्ही निकोप असलेले दाणे तेवढे मोजावे. मक्याच्या प्रमाणित बियाण्यांत १०० पैकीं ९० तरी दाणे उगवले पाहिजेत, असा दंडक आहे. आमची गुंडाळी सोमवारीं संध्याकाळीं प्रयोगशाळेच्या कोपऱ्यांत ठेवली गेली, आणि मंगळवारीं दुपारीं आम्ही सर्वजण शेतावर गेलों.

शेतावर पोंचतांच मुलें जो तो आपापलें मत सांगूं लागलीं. कोणी म्हणे पाऊस कमी पडला, कोणी म्हणे पाखरांनीं खाल्लें. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, आधीं मोजा, मग बोला. आठ गुंठे म्हणजे सुमारें ८०९ चौरस मीटर. एका रोपास ६० गुणिलें २० सेंटिमीटर, म्हणजे ०.१२ चौरस मीटर जागा. तेव्हां सबंध तुकड्यांत सुमारें ६,७४० रोपें हवींत. सर्व मोजीत बसणें शक्य नव्हतें, म्हणून शेताच्या निरनिराळ्या भागांत दहा ठिकाणीं ओळीचा पांच-पांच मीटरांचा तुकडा मोजला. अशा प्रत्येक तुकड्यांत २५ रोपें असावयास पाहिजेत. आमच्या वहींतील आंकडे असे होते : वरच्या मोकळ्या भागांत २४, २२, २३, २१ व २४, कुंपणाशीं १९, मधल्या कांहीं ओळींत ११ व १०, आणि खालच्या बांधाशीं ९ व ८. एकूण २५० ऐवजीं १७१, म्हणजे शेंकडा सुमारें ६८. एका ताटास बहुधा एकच चांगलें कणीस येतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोन हजारांहून अधिक कणसें पेरणीच्या पहिल्याच आठवड्यांत गेलीं होतीं. हा हिशेब एका मुलानें मोठ्यानें वाचून दाखविला तेव्हां आजोबा कांहीं बोलले नाहींत. बांधावर बसून राहिले.

परंतु त्या आंकड्यांत जें महत्त्वाचें होतें तें बेरजेंत नव्हतें. चित्रकलेच्या वहींतील चौकटीच्या कागदावर मुलींनीं शेताचा नकाशा काढला आणि रिकाम्या जागा काळ्या केल्या, तेव्हां एक गोष्ट सहज डोळ्यांत भरली. बीं जर खोटें असतें तर काळे ठिपके शेतभर सारखे विखुरलेले दिसते; पिशवींतला वाईट दाणा कांहीं अमुकच ओळ पाहून पडत नाहीं. येथें तर वरच्या भागांत उगवण जवळजवळ पूर्ण, आणि काळेपणा कांहीं विशिष्ट जागींच एकवटलेला. रिकाम्या जागांची आकृति हीच खरी साक्षीदार. ओळीच्या ओळी गेल्या असतील तर दोष पेरणाऱ्या हाताचा किंवा अवजाराचा. एखादा पट्टा गेला असेल तर दोष जमिनीचा किंवा पाण्याचा. कड गेली असेल तर बहुधा जनावरांचा अगर पाखरांचा. देशावर, जेथें पाभरीनें पेरणी होते, तेथील जुन्या शेतकऱ्यांस हें पाठ असतें. चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईचा हात क्षणभर थांबला तर तिन्ही ओळींत एकाच जागीं खंड पडतो. परंतु एखादा नळा मातीनें बुजला तर शेतभर दर तिसरी ओळ रिकामी राहते. नाशिक, जळगांव, छत्रपति संभाजीनगर या मक्याच्या जिल्ह्यांत आतां ट्रॅक्टरची पेरणी पुष्कळ ठिकाणीं झाली आहे. तरी तेथेंहि यंत्राच्या चकतीचें एखादें भोंक बुजलें तर तोच खंड ठराविक अंतरानें पुन्हां पुन्हां दिसतो.

आतां खुरपीं घेऊन आम्ही रिकाम्या जागा उकरूं लागलों. प्रथम खालचा बांध. तेथें माती करडी व चिकट, आणि दाणे सांपडले ते मऊ पडलेले, बोटांत चिरडणारे, कुबट वासाचे. कांहींस बोटाच्या पेराएवढें मूळ फुटून तें तपकिरी झालें होतें. पेरणीनंतर तिसऱ्या दिवशीं मोठी सर आली व दोन दिवस तेथें पाणी उभें होतें, असें आजोबांनींच सांगितलें. जन्मभर भात केलेल्या हातांनीं त्यांनीं पेरणीपूर्वीं तो बांध नीट लिंपून घेतला होता! भाताच्या खाचरांत पाणी अडविणें हेंच कौशल्य. भाताच्या देंठांत व मुळांत हवेचे पोकळ मार्ग असतात. पानांनीं घेतलेली हवा त्यांतून चिखलांतल्या मुळांपर्यंत पोंचते. मक्यास ही सोय जवळजवळ नाहीं. मक्याचा दाणा आपल्या वजनाच्या सुमारें एक तृतीयांश पाणी शोषून घेतो व मग त्याचा श्वास जोरानें सुरू होतो. नेमक्या त्याच वेळीं माती पाण्यानें भरली तर तिच्यांतील प्राणवायु दोनेक दिवसांत संपतो आणि दाणा गुदमरून कुजतो. उगवून आलेलें रोपहि त्या धोक्यांतून लगेच सुटत नाहीं, कारण पांच-सहा पानें सुटेपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखालींच असतो. भातशेतीचें पिढ्यान्‌पिढ्यांचें शहाणपण येथें आड आलें. त्यांत आजोबांस आम्ही दोष देणार नाहीं. जें पीक घरांत कधीं झालें नाहीं त्याच्या खोडी कोणास ठाऊक असणार?

मधल्या ओळींची गोष्ट निराळी, आणि ती सांगतांना आमची मान जरा खालीं जाते. तेथें उकरल्यावर दाणे सांपडले ते नऊ-दहा सेंटिमीटर खोल. ते कुजलेले नव्हते. उलट उगवले होते. परंतु त्यांचें पहिलें पान मातीच्या आंतच उलगडून, चुरगळून, पिवळट पांढऱ्या गुंडाळीसारखें पडलें होतें. मुलांस हें पाहून फार नवल वाटलें, म्हणून त्याचें कारण येथें थोडें विस्तारानें सांगतों. मक्याच्या कोंबाभोंवतीं एक टोकदार म्यान असतें. दाणा आणि तें म्यान यांच्यामधला पांढरा दांडा लांबत जातो व म्यानास माती भेदून वर ढकलतो. म्यानाच्या टोंकास उजेड लागतांच दांड्याची वाढ थांबते, म्यान फुटतें व पहिलें पान बाहेर पडतें. म्हणजे जमीन कोठें संपली हें त्या बिचाऱ्या कोंबास उजेडावरूनच कळतें. दाणा फार खोल पडला तर त्याची शिदोरी वर पोंचण्यापूर्वींच संपते व पान आंतच फुटतें. ढेकळांच्या फटींतून उजेड खालीं गेला तरी हीच फसगत होते. पृष्ठभाग आला असें समजून पान अंधारांतच उलगडतें. पावसाच्या सरींनीं वर कठीण पापुद्रा धरला तरी कोंब त्याखालीं वळून बसतो.

मग दाणे इतके खोल गेले कसे? या ओळी कोणीं पेरल्या असें आम्हीं विचारलें, तेव्हां वर्गांतील सर्वांत दांडगीं चार मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. शर्यत त्यांनींच लावली होती. माती मऊ होती, काठीवर जोर दिला कीं ती सरसर आंत जाई, आणि जो आधीं शेवटास पोंचेल तो जिंकला असा पण होता. त्याच ओळींत, घाई झाली तेथें, कांहीं दाणे उलट एक सेंटिमीटरहि खोल गेले नव्हते, आणि चार-चार दाणे एकाच भोंकांत पडले होते. वरवर पडलेले बरेचसे कावळ्यांनीं टिपले होते. त्यांतून जीं रोपें वांचलीं तींहि कमकुवत राहण्याचा संभव असतो; कारण दाणा कितीहि खोल असो, मक्याचीं कायमचीं मुळें जमिनीच्या सुमारें दोन सेंटिमीटर खालून फुटतात, आणि दाणाच त्याहून वर असेल तर त्या मुळांस पुरेशी माती मिळत नाहीं. असें ताट श्रावणांतील वाऱ्यानें आडवें होतें. चार-पांच सेंटिमीटर ही खोली आपल्याकडे बेताची समजावी. गोड मक्याचा सुरकुतलेला दाणा असेल तर तीन सेंटिमीटर पुरे, कारण त्याची शिदोरीच अपुरी असते.

त्या चौघांपैकीं एकानें, कोणीं न सांगतां, पुढें होऊन आजोबांस म्हटलें, "आजोबा, दुकानदाराकडे जाऊं नका. या ओळी आम्हीं बिघडविल्या." आजोबांनीं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढेंच म्हणाले, "बांध तर मींच लिंपला ना, पोरा?"

कुंपणाची कड फारशी गूढ नव्हती. तेथें लहान लहान खळगे व शेजारीं दाण्यांचीं फोलें. हें उंदरांचें काम. कावळा रोप उपटतो, खालचा दाणा खातो आणि कोंब तेथेंच टाकतो. उंदीर मातींत शिरून दाणा कुरतडतो व साल मागें ठेवतो. एवढा फरक ध्यानांत ठेवला तर चोर ओळखतां येतो. लष्करी अळीची शंकाहि आम्हीं मनांत आणली होती. अमेरिकेंतून आलेली ही कीड भारतांत २०१८ सालीं प्रथम आढळली व त्याच वर्षीं महाराष्ट्रांत पोंचली. मक्याचा पोंगा ही तिची आवडती जागा. परंतु ती उगवलेल्या रोपाचीं पानें खाते व पोंग्यांत भुशासारखी विष्ठा टाकते. तशी खूण एकाहि रोपावर दिसली नाहीं.

शुक्रवारीं संध्याकाळीं गुंडाळी उघडली. १०० पैकीं ९३ दाण्यांस सरळ, पांढरे मोड आले होते. मुलांनीं ती गुंडाळी तशीच आजोबांस नेऊन दाखविली.

आतां प्रश्न उरला उपायाचा, आणि येथें उत्साहापेक्षां विचार अधिक लागतो. रिकामी जागा दिसली कीं तेथें दाणा टाकावा असें सहज वाटतें. नांग्या भरणें म्हणतात तें हेंच. परंतु त्याला मुदत असते. आठ-दहा दिवसांच्या आंत भरलेली नांगी उपयोगी पडते. त्यापुढें उशीरा आलेलें रोप शेजारच्या थोरांच्या सावलींत सांपडतें, खत व पाणी खातें आणि कणीस मात्र देत नाहीं. दोन शेजारी रोपांत दोन पानांचें अंतर पडलें तर धाकट्याची आशा बहुतेक सोडावी. अमेरिकेंतील इलिनॉय व विस्कॉन्सिन संस्थानांत यावर मुद्दाम प्रयोग झाले व त्यांचे निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाले. निम्मींशिम्मीं रोपें दीड आठवड्यानें मागें राहिलीं तर उत्पन्नांत शेंकडा सहा ते नऊ, आणि तीन आठवड्यांनीं मागें राहिलीं तर दहा ते बावीसपर्यंत तूट येते, असें त्यांत दिसून आलें. रोपांची संख्या पुरी असूनहि ही तूट, हें विशेष!

दुसरें कारण परागांचें. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा हा नर, आणि कणसाच्या टोंकाशीं लोंबणारे रेशमी केस हे मादीचे. प्रत्येक केसाच्या मुळाशीं एक दाणा; ज्या केसावर परागकण पडला त्याचाच दाणा भरतो. हे परागकण वाऱ्यानें उडतात व कांहीं दिवसांतच संपतात. मागाहून वाढलेल्या एकट्या रोपाचे केस बाहेर येतात तेव्हां सभोंवारचे तुरे वाळलेले असतात, आणि मग दांत पडलेल्या म्हाताऱ्याच्या हिरडीसारखें कणीस हातीं येतें. तसलें कणीस शेगडीवाला घेत नाहीं. लहान शेतांत मका एक-दोन लांब ओळींत न लावतां चौरस वाफ्यांत लावावा, याचें कारणहि हेंच.

हा सर्व विचार करून रविवारीं, म्हणजे पेरणीच्या चौदाव्या दिवशीं, असें ठरलें : वरच्या भागांतील तुरळक नांग्यांत मका टाकावयाचाच नाहीं, तेथें चवळी लावावी. चार-चार रोपें आलेल्या जागीं एकच जोमदार रोप ठेवून बाकीचीं काढावीं. ही विरळणी पाहून मुलींच्या जिवावर आलें, हिरवीं रोपें उपटवेनात. परंतु एका भोंकांतील चार रोपें म्हणजे चार उपाशी भावंडें. मधल्या बिघडलेल्या ओळींत मका व चवळी जशीं जमतील तशीं राहूं दिलीं. आणि खालचा पट्टा पूर्णपणें मोडून नव्यानें करावा, म्हणजे तेथील सर्व रोपें एका वयाचीं राहतील व त्यांचे तुरे-केस एकाच वेळीं येतील.

खालच्या पट्ट्यांत प्रथम बांधास तोंड पाडून पाण्यास वाट दिली. मग ६० सेंटिमीटरांवर सऱ्या ओढून वरंबे केले आणि दाणा वरंब्याच्या अर्ध्या उंचीवर टोकला. त्यामुळें पाणी सरींतून वाहून जातें आणि दाण्यास ओल मात्र मिळत राहते. या वेळीं शर्यत नव्हती. सुतळीस दर २० सेंटिमीटरांवर गांठ मारून ती ओळीवर ताणली, आणि काठीच्या टोंकापासून पांच सेंटिमीटरांवर आडवा खिळा ठोकला. खिळा मातीस टेकला कीं काठी आपोआप थांबे. प्रत्येक भोंकांत दोन दाणे, वरून भुसभुशीत मातीची एक मूठ, आणि तळव्यानें हलका दाब. ज्या चौघांनीं मधल्या ओळी बिघडविल्या होत्या त्यांनींच काठ्या धरल्या. कुंपणाशीं उंदरांचीं बिळें खणून बुजविलीं, आणि कोंब वर येईपर्यंत आजोबा सकाळ-संध्याकाळ पत्र्याचा डबा बडवीत बसत. आमच्या मतें कावळ्यांवर याहून चांगला उपाय अजून निघालेला नाहीं. बुजगावण्यास ते तिसऱ्या दिवशीं ओळखतात.

नवें बीं आणावयास आजोबा त्याच दुकानांत गेले होते. ज्या मनुष्यास चार लोकांत जाब विचारावयाचा होता त्याच्यापुढें उभें राहून त्यांनीं सगळी हकीकत स्वतः सांगितली. दुकानदारानें मोडांची गुंडाळी पाहावयास मागितली, परंतु ती तोंवर मुलांनीं शाळेच्या कुंडींत लावून टाकली होती!

येथें मक्याच्या कुळाविषयीं एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. मका मूळचा मेक्सिको देशाचा. तेथील तेओसिंते नांवाच्या रानटी गवतापासून सुमारें नऊ हजार वर्षांपूर्वीं माणसानें तो घडवीत आणला, आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीज गलबतांबरोबर तो आपल्या किनाऱ्यास आला असें मानतात. रानटी गवताचे दाणे पिकले कीं आपोआप गळून रुजतात. मक्याचे दाणे मात्र कणसास घट्ट चिकटलेले व पानांच्या वेष्टनांत गुंडाळलेले असतात. शेतांत तसेंच पडलेलें कणीस रुजलेंच तर शेंकडों कोंब एका जागीं दाटी करतात व एकमेकांस मारतात. आज जगांत कोठेंहि मका आपण होऊन टिकून राहिलेला नाहीं. दाणा सोडवून योग्य अंतरावर व योग्य खोलीवर ठेवणारा हात त्यास लागतोच. दहा-बारा मुलांच्या त्या रविवारच्या गडबडीकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे ती गंमत राहत नाहीं.

ज्या विद्यार्थ्यांकडे शेत नाहीं त्यांनाहि हा अभ्यास करतां येईल. कांचेच्या चार रुंद बरण्यांत ओलसर माती भरावी, आणि कांचेस लागून दोन, पांच, आठ व अकरा सेंटिमीटर खोलीवर प्रत्येकीं पांच-पांच दाणे ठेवावे. बरण्यांभोंवतीं काळा कागद गुंडाळावा, नाहींतर कोंबास बाजूनें उजेड लागून वर सांगितलेली फसगत होईल. रोज एकदां कागद काढून दांडा किती लांबला तें पट्टीनें मोजून वहींत लिहावें. पालकांस विनंति इतकीच कीं, आठवडाभर या बरण्या खिडकींत राहूं द्याव्या. मातीचे चार डाग पडतील.

त्या आठ गुंठ्यांत वरच्या भागाचीं कणसें गणपतीच्या सुमारास तयार झालीं. खालचा पट्टा पंधरा दिवस मागें होता. त्याचीं कणसें नवरात्रापूर्वीं निघालीं. मधल्या ओळींनीं चवळीच्या शेंगा बऱ्या दिल्या, मका बेताचाच. पुरी भरपाई झाली नाहीं; पहिल्या हिशेबांतील दोन हजार कणसांपैकीं पुष्कळशीं गेलीं तीं गेलींच, आणि घरचें एक देणें पुढच्या हंगामावर ढकलावें लागलें. नातीची फी मात्र दिवाळीच्या आधीं भरली गेली. पाऊस संपल्यावर खालच्या खाचरांत, उरलेल्या ओलीवर, आजोबांनीं नेहमींप्रमाणें वाल पेरला. त्या कामीं कोणाच्या सल्ल्याची त्यांस गरज नव्हती. गांठींची सुतळी व खिळ्याची काठी त्यांच्या पडवींत आढ्यास टांगलेली आहे. यंदा मृगाच्या आधीं त्यांचा निरोप आला कीं, सुतळीच्या गांठी उंदरांनीं कुरतडल्या आहेत, तेव्हां मुलांस पट्टी घेऊन लवकर पाठवावें.